रवींद्रनाथांचा सुरूलचा वर्ग

रवींद्रनाथ ठाकूर म्हटले की डोळ्यांपुढे येते ती पांढरी दाढी, पायघोळ झगा आणि ‘गीतांजली’. या कवीने एक बँक काढली होती आणि ती बुडाली, हे मला बँकेत अर्धे आयुष्य घालवल्यावर कळले.

१८९०च्या सुमारास वडिलांच्या सांगण्यावरून ते जमीनदारी पाहायला पूर्व बंगालात गेले. कलकत्त्याच्या वाड्यात वाढलेल्या या तरुणाने तिथे सावकाराच्या पाशात अडकलेला शेतकरी पाहिला. १९०५ मध्ये त्यांनी पतिसरला कृषी बँक काढली. स्नेह्यांकडून व्याजाने पैसे आणायचे आणि कुळांना कर्जाऊ द्यायचे. १९१३च्या नोबेल पारितोषिकाची लाखावर रक्कमही त्यांनी तिथेच ठेवली, शांतिनिकेतनच्या शाळेला व्याज मिळावे म्हणून. तारण काय घेतले, हा प्रश्न माझ्यासारख्याला पडणारच!

पण नुसत्या कर्जाने गाव उभे राहत नाही, हे त्यांना उमगले होते. मुलाला, रथींद्रनाथला, त्यांनी बॅरिस्टर व्हायला नव्हे, शेती शिकायला अमेरिकेत धाडले. विश्वभारती स्थापन झाली तेव्हा त्यांना खटकत होते ते हे, की मुले जगभरची विद्या शिकतात आणि हाकेच्या अंतरावरचे गाव त्यांना परके असते.

म्हणून ६ फेब्रुवारी १९२२ रोजी जवळच्या सुरूल गावातल्या जुन्या कोठीत नवा वर्ग भरला. तेच पुढे श्रीनिकेतन झाले. विद्यार्थी दहाएक. मुख्य लेनर्ड एल्महर्स्ट, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून आलेला तरुण इंग्रज. पहिला धडा संडासाचा. बादल्या मुलांनीच उचलायच्या, चरात रिकाम्या करून वर माती लोटायची, त्या खतावर भाजी पिकवायची. भद्रलोकांच्या घरातली ही मुले! ज्या कामाला घरी कुणी हात लावला नसता, ते इथे अभ्यासक्रमात होते.

मग गावात जायचे. कालीमोहन घोष हे रवींद्रनाथांचे सहकारी घरोघरच्या नोंदी घेत: माणसे किती, जमीन किती, ताप कुणाला. गावकरी आधी बिचकले. बाबूलोक आले की काहीतरी उकळायलाच येतात, हा पिढ्यांचा अनुभव. पाहणीतून गावाच्या दैन्याची जी कारणे पुढे आली, त्यांत पिके खाणारी माकडे होती, मलेरिया होता आणि एकमेकांवरचा अविश्वासही होता. हे शेवटचे कारण शेतीशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात सापडले असते? मलेरियावर उपाय करताना मग गावांच्या आरोग्य संस्था काढल्या, त्याही सभासदांच्या वर्गणीवर. फुकट औषध वाटणे सोपे होते. पण मग गावाचे त्यात काय राहिले असते?

पतिसरच्या बँकेचे मात्र व्हायचे तेच झाले. १९३०च्या दशकात कर्जनिवारणाचे कायदे आले, वसुली थांबली आणि नोबेलचे मुद्दलही गेले.

१९३७ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, रवींद्रनाथ शेवटचे पतिसरला गेले. प्रकृती ढासळलेली होती. म्हाताऱ्या जमीनदाराला निरोप द्यायला कुळे जमली होती.