रक्ताचा जमाखर्च मांडणारे हाल्डेन

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शास्त्रज्ञाच्या चरित्राशी माझा काय संबंध, असे कोणी विचारील. परंतु आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात सिकलसेल हा आजार परिचयाचा आहे. माझ्या मावसभावाला तो आहे. हाडे ठणकू लागली की संत्र्याच्या बागेत हुंदडणारा हा मुलगा आठ-आठ दिवस अंथरुणाला खिळतो. असा रोग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, हे शोधताना मला जे. बी. एस. हाल्डेन भेटले.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. घातक वायूंचे प्रयोग हे बापलेक स्वतःच्याच देहावर करीत. नवल असे, की हाल्डेन यांच्याजवळ विज्ञानाची पदवी नव्हती. गणित व ग्रीक-लॅटिन शिकून ते जीवशास्त्रात आले आणि आनुवंशिकतेला त्यांनी गणिताची बैठक दिली.

१९४९ च्या सुमारास त्यांनी थॅलेसेमियाविषयी तर्क मांडला. आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेल्याला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, म्हणून ते जनुक टिकते. १९५४ मध्ये अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलबाबत तेच दाखवले. आमच्या हिशेबवहीच्या भाषेत, एक जनुक जमेस, दोन नावे!

१९५७ साली ते महालनोबिस यांच्या कलकत्त्याच्या संस्थेत आले व पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयास देण्यात आला.

पुढची प्रगती त्यांना पाहता आली नाही. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. जन्मानंतर त्याचे जनुक नष्ट होत नाही. अस्थिमज्जेतील मूळपेशींपासून रक्त बनताना ते कुलूपबंद राहते. हायड्रॉक्सीयुरियाने ते हिमोग्लोबिन काहीसे वाढते. माझा भाऊ तीच गोळी घेतो. मूळपेशींत फेरफार करून कुलूपच उघडणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठरली. आमच्यासारख्यांनी काय करावे?

गेल्या सुट्टीत मी रक्त तपासून घेतले. मी वाहक निघालो. कोठे बोलू नकोस, सोयरीक जुळणार नाही, असे आजी म्हणाली. पण दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हाल्डेन यांनी सारा देह विज्ञानाला दिला. मित्रांनो, मला एका थेंबाचा निकाल तरी लपवायचा नाही. तुम्हीही तपासणी करून घ्या.