वाटेगावचे अण्णाभाऊ आणि आपल्या दोन जयंत्या

१ ऑगस्ट आला की सांगली जिल्ह्यात गावोगावी पिवळे झेंडे लागतात आणि अण्णाभाऊ साठे यांची मिरवणूक निघते. १४ एप्रिलला निळे झेंडे लागतात आणि बाबासाहेबांची मिरवणूक निघते. बऱ्याच गावांत या दोन जयंत्यांच्या समित्या वेगळ्या, वर्गणी वेगळी आणि गर्दीही वेगळी असते. माधवनगर परिसरातल्या वस्त्यांमध्ये काम करताना हे मी दरवर्षी पाहते. म्हणूनच अण्णाभाऊ कसे जगले आणि त्यांनी काय लिहिले, हे आपल्या बौद्ध वाचकांपुढे पुन्हा एकदा मांडावेसे वाटते.

अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. वडील भाऊराव, आई वालुबाई. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली. आपल्या भागातल्या मांग, रामोशी समाजांवर या कायद्याने हजेरी लादली. कुणी गुन्हा केला की नाही हा प्रश्नच नव्हता. जन्मालाच गुन्हा ठरवणारी जातिव्यवस्था आधीपासून होती, सरकारने तिच्यावर शिक्का मारला इतकेच. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, तेव्हा अण्णाभाऊ बत्तीस वर्षांचे होते.

त्यांची शाळा दीड दिवसाची. अकरा-बारा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर ते वाटेगावहून पायी मुंबईला गेले. तिथे त्यांनी कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत काम केले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टर वाचून. मधल्या काळात गावी परतून नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडातही ते राहिले. तमाशाची ही तालीम त्यांना पुढे आयुष्यभर पुरली.

मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात ते कम्युनिस्ट चळवळीत आले. त्या काळच्या कामगार वस्त्यांमध्ये लाल आणि निळा झेंडा एकमेकांना अगदीच परके नव्हते. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत पुढे असलेले आर. बी. मोरे हे नंतर कम्युनिस्ट झाले, पण बाबासाहेबांविषयीची त्यांची निष्ठा सुटली नाही. अण्णाभाऊ अशाच वातावरणात घडले. पोटाचा प्रश्न त्यांनी लाल झेंड्याखाली मांडायला घेतला, पण जातीचा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकातला नव्हता. तो अंगावर घेऊनच ते मुंबईला आले होते.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक मातंग शाहीर, एक मुसलमान शाहीर आणि त्यांचे साथीदार गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत गाऊ लागले. तमाशातला गणपतीचा गण अण्णाभाऊंनी काढून टाकला आणि वंदनेचा मान मातृभूमीला, कष्टकऱ्यांना दिला. गवळणीची छेडछाडही वगळली. तमाशाचे लोकनाट्य झाले ते असे. देवाला बाजूला सारून माणसाला मध्यभागी आणणारा हा बदल बौद्ध वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सरकारने त्यांच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, तरी त्यांचे गाणे थांबले नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरांत पोचली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. अण्णाभाऊंनी भीमरावांवर रचलेले गीत आजही आपल्या प्रत्येक कार्यक्रमात गायले जाते. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटन त्यांनीच केले. कष्टकरी आणि दलित माणूसच हे जग तोलून धरतो आणि साहित्याने त्याच्याशी इमान राखले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती.

पुढच्याच वर्षी, १९५९ साली ‘फकिरा’ आली. ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. एका कम्युनिस्ट लेखकाने, वाटेगावच्या एका मातंगाने आपली सर्वांत मोलाची कृती त्या लेखणीला वाहिली. अर्पणपत्रिकेचे ते पान दोन्ही वस्त्यांनी वाचायला हवे.

‘फकिरा’ची गोष्ट वाटेगावच्या मातीतली आहे आणि तिचा नायक अण्णाभाऊंच्या नात्यातला. सरकारदप्तरी तो दरोडेखोर. कादंबरीत मात्र दुष्काळात माणसे उपाशी मरताना पाहून तो धान्य लुटतो आणि ते वाटून टाकतो. सरकारी खजिना लुटतो. शेवटी आपल्या माणसांचा छळ थांबावा म्हणून स्वतः सरकारच्या हवाली होतो. ज्यांची नोंद फक्त हजेरीच्या वहीत होती, त्यांना अण्णाभाऊंनी इतिहासात जागा दिली. आपला इतिहास आपणच लिहायचा, हा फुले-आंबेडकरांचा धडा कादंबरीत उतरला तो असा. या पुस्तकाला राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला.

अण्णाभाऊंनी धम्मदीक्षा घेतली नाही आणि कम्युनिस्ट विचारही सोडला नाही. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्यावर प्रवासवर्णन लिहिले. ही गोष्ट झाकायची गरज नाही. ते आपल्यासारखे नव्हते म्हणून आपले नव्हते, हा हिशेबच चुकीचा आहे. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा पोटासाठी मढ्यांची राख चाळतो. त्याची भूक कोणत्या झेंड्याची, हे विचारायचे तरी कसे?

त्यांनी पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या, काहींवर चित्रपट निघाले, तरी घरातली गरिबी हटली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत त्यांनी वर्षे काढली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे अठ्ठेचाळीस. पुढे २००२ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला.

१ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमक्या त्यांच्या जयंतीदिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी देणारा निकाल दिला. त्यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते आकडेवारी समोर ठेवून, सभ्यपणे मांडता येतात. पण त्या निकालानंतर दोन्ही बाजूंची तरुण मुले मोबाइलवर एकमेकांच्या महापुरुषांना शिव्या देऊ लागली, हे क्लेशदायक आहे. मातंग वस्तीतली मुलगी शाळेतून गळते तेव्हा ते दुःख बौद्ध वस्तीला आपले वाटले पाहिजे. बौद्ध वस्तीवर हल्ला होतो तेव्हा मातंग वस्तीने आधी धावून आले पाहिजे. दोघांमधली दरी रुंदावली तर फायदा कुणाचा होतो, हे सांगायला समाजशास्त्र शिकावे लागत नाही.

म्हणून यंदा एक साधे काम करू. १ ऑगस्टला आपल्या विहारात ‘फकिरा’चे वाचन ठेवू आणि शेजारच्या मातंग वस्तीला सन्मानाने बोलावू. वाचनाची सुरुवात अर्पणपत्रिकेच्या पानापासून करू.

जय भीम! जय अण्णाभाऊ!