परचुरेशास्त्री

आमच्या नांदेड-लातूरकडे कंबर धरली, गुडघे ठणकू लागले की घरातले वडीलधारे माणूस अजूनही करडईचे तेल कोमट करायला सांगते. दवाखाना नंतर, आधी चोळणे. त्याने रोग जातो की नाही, हे कोणी विचारीत नाही. आपल्या माणसाचा हात लागला की दुखणाऱ्या अंगाला जरा बरे वाटते, एवढे खरे. पण ज्याच्या अंगाला हात लावायला कोणी धजतच नाही, त्याने काय करावे?

परचुरेशास्त्री संस्कृतचे गाढे पंडित. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. १९३२ साली ते येरवड्याला होते आणि गांधीजीही तेथेच. शास्त्रीबुवांना कुष्ठरोग जडला होता, त्यामुळे त्यांना वेगळे ठेवलेले. भेटीची परवानगी मिळेना, म्हणून दोघांत चिठ्ठ्यापत्रे चालत.

पुढे १९३९ साली शास्त्रीबुवा सेवाग्रामला येऊन दाखल झाले. उरलेले दिवस आश्रमात काढावेत आणि तेथेच देह ठेवावा, एवढीच इच्छा. गांधीजींपुढे मोठाच पेच पडला. आश्रमात बायकामुले, संसर्गाची भीती, आणि खात्रीचे औषध तर त्या काळी नव्हतेच. सारी भिस्त चौलमुग्रा तेलाच्या इंजेक्शनांवर. गांधीजींनी आश्रमवासीयांची संमती घेतली व आपल्या कुटीजवळच शास्त्रीबुवांसाठी झोपडी उभारली. तिकडे महायुद्ध पेटले होते, वाटाघाटी चालल्या होत्या. आणि इकडे हा माणूस स्वतः शास्त्रीबुवांच्या जखमा धूत होता, अंगाला मालीश करीत होता!

या रोगात कातडी बधिर होते हे आपण ऐकतो. परंतु कोपराजवळच्या, घोट्याजवळच्या नसा सुजल्या की वेदनाही होतात, स्नायू दुबळे होतात, बोटे वाकतात. आजही रोग्याला कोरडी कातडी पाण्यात भिजवून तेल चोळायला आणि बोटांचे हलके व्यायाम करायला शिकवतात. सुजून ठणकणाऱ्या नसेला मात्र विश्रांती व औषधच हवे. तेव्हा मालीशने कुष्ठरोग बरा होतो असे कोणी या हकिकतीवरून समजू नये. तसा तो झालाही नाही.

काही काळ शास्त्रीबुवांना उतार पडला. ते आश्रमात संस्कृत शिकवू लागले. मला हे फार मोलाचे वाटते, कारण मरायला आलेला माणूस शिकवायला बसला. नंतर दुखणे पुन्हा बळावले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले होते. तेथे ते गेले व १९४५ साली तेथेच वारले. अमेरिकेत कार्व्हिलच्या रुग्णालयात १९४१ पासून प्रोमिन देऊ लागले होते. पण तसली औषधे आपल्याकडे सर्रास मिळू लागली तोवर शास्त्रीबुवा गेले होते. अनेक औषधे एकत्र देण्याची आजची पद्धत १९८२ नंतरची.

सेवाग्रामला जाणारे बापू कुटी पाहून परततात. जवळच परचुरे कुटी आहे, तीही पाहावी.