नवशिक्याची चूक सोसणारं विमान

शिकाऊ वैमानिकाच्या हातून चूक होणारच. नाक फार वर गेलं, वेग घटला की पंखाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर सुटतो. विमानाला उचलून धरणारा जोर जातो आणि ते खाली येऊ लागतं. या थराचा सिद्धांत जर्मनीच्या लुडविग प्रान्टल यांनी 1904 मध्ये मांडला. त्यांच्याच हाताखाली गटिंगन विद्यापीठात डॉ. विष्णू माधव घाटगे शिकले.

घाटगे यांचा जन्म 1908 चा, कोल्हापूर जिल्ह्यातला. 1936 मध्ये डॉक्टरेट मिळाली तेव्हा भारतात विमानाचा कारखानाच नव्हता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी तो 1940 मध्ये बंगळूरला काढला. घाटगे यांनी तिथे आधी 10 आसनी ग्लायडर आखलं.

मग आलं एचटी-2. ऑगस्ट 1951 मध्ये ते प्रथम उडालं. ना तोफ, ना बॉम्ब. पुढेमागे दोन आसनं आणि दोन्हीकडे नियंत्रण, म्हणजे शिष्य चुकला तर गुरूने सावरावं. लढाऊ विमानाचा बोलबाला होतो, पण ते चालवणारा घडतो अशाच विमानात. हवाई दलाने ते तीन दशकांहून अधिक काळ वापरलं.

पुढचं ‘कृषक’. तेल्हाऱ्याच्या कापूसपट्ट्यात हे नाव ऐकून फवारणीच आठवेल, पण त्याचं काम होतं सैन्यासाठी टेहळणीचं! 1964 मध्ये ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान उडालं, 1965 मध्ये घाटगे यांना पद्मश्री मिळाली. 1991 मध्ये ते गेले, तेव्हा ‘किरण’वर नवे वैमानिक शिकतच होते.