खाटेशेजारचा वर्ग

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक वैद्यकीय शाळांत विद्यार्थी बाकावर बसून व्याख्याने ऐकत, परीक्षा देत आणि डॉक्टर होऊन बाहेर पडत. एकही रुग्ण स्वतः न तपासता पदवी मिळवणे तेव्हा शक्य होते. त्याची किंमत पुढे त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांना मोजावी लागे. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा होता सर विल्यम ऑस्लर यांचा.

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातल्या बाँड हेड या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक. विल्यमही त्याच वाटेने निघाला होता. पण शाळेतल्या एका शिक्षकाने सूक्ष्मदर्शकाची गोडी लावली आणि तो वैद्यकाकडे वळला. १८७२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी युरोपात पुढचा अभ्यास केला आणि परतल्यावर मॅकगिलमध्येच ते शिकवू लागले. तिथे त्यांनी शेकडो शवविच्छेदने केली. रुग्ण जिवंत असताना केलेले निदान कुठे चुकले, हे त्या टेबलावर उघड होई.

१८८९ मध्ये बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि ऑस्लर तिथे मुख्य फिजिशियन झाले. चार वर्षांनी तिथेच वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पहिल्या छोट्या तुकडीत स्त्रियाही होत्या. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात बसत. चौथ्या वर्षी प्रत्येकाकडे वॉर्डातले काही रुग्ण सोपवले जात. रुग्णाची हकिगत विचारायची, त्याला तपासायचे, रक्त-लघवीची तपासणी करायची आणि रोज नोंद ठेवायची, ही कामे विद्यार्थ्याची. ऑस्लर फेरीवर आले की त्या खाटेभोवती छोटा गट जमे. विद्यार्थी रुग्णाची माहिती सांगे, ऑस्लर प्रश्न विचारत, चूक तिथेच दुरुस्त होई. उपचाराची जबाबदारी अर्थातच अनुभवी डॉक्टरांकडे असे.

ही कल्पना मुळात त्यांची नव्हती. ब्रिटनच्या रुग्णालयांत ती आधीपासून रुळली होती. अमेरिकेत ती शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणली, हे ऑस्लर यांचे काम. १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर डॉक्टरांच्या पिढ्या पोसल्या. तरी पुस्तक रुग्णाची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांनी कायम बजावले.

१९०५ मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून गेले. १९१७ मध्ये त्यांचा मुलगा रिव्हिअर पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्या आघातानंतर ते फार जगले नाहीत. २९ डिसेंबर १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांना वॉर्डात नेऊन शिकवणारा, एवढीच आपली ओळख उरावी, अशी त्यांची इच्छा होती.

ऑस्लर यांचे बालपण जिथे गेले त्या डंडासजवळच्या हॅमिल्टन शहरात, मॅकमास्टर विद्यापीठात, १९६९ मध्ये आणखी एक प्रयोग सुरू झाला. तिथे विद्यार्थ्यांचा छोटा गट कागदावरच्या एका रुग्णाची समस्या घेऊन बसतो, आपल्याला काय ठाऊक नाही ते ठरवतो आणि उत्तर स्वतः शोधतो. पहिल्या वर्षापासून विचाराची सवय लावायला ही पद्धत सोयीची. पण कागदावरचा रुग्ण कण्हत नाही, घाबरत नाही, माहिती लपवत नाही. ते शिकायला खाटच हवी. उलट वॉर्डात जो रुग्ण येईल तोच धडा, त्यामुळे काही आजार दिसायचे राहून जातात. म्हणून एक पद्धत दुसरीची जागा घेत नाही. दोन्हींना शिक्षकाचा वेळ मात्र भरपूर लागतो, आणि मोठ्या तुकड्यांत तोच सर्वात आधी अपुरा पडतो.

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएस अभ्यासक्रमातही विद्यार्थ्याला रुग्णाच्या देखभालीत सहभागी करून घेण्यावर भर आहे. रुग्णालयात खाटेभोवती पाच-सहा विद्यार्थी उभे राहिले की रुग्णाला अवघडल्यासारखे होते. त्याची संमती आणि सन्मान जपलाच पाहिजे. पण त्याने सांगितलेली हकिगत त्या मुलांचा पहिला खरा धडा असते, आणि त्याचा उपयोग पुढे कितीतरी अनोळखी रुग्णांना होतो.