विश्लेषण : किण्वन मध्येच का अडते? बिटाच्या कारखान्यात लुई पाश्चर यांना काय सापडले?

साखर भरपूर, यीस्ट घातलेले, तरीही टाकीतला फेस बसतो, अल्कोहोल तयार होत नाही आणि रस आंबट पडतो. वाइन, बिअर किंवा अल्कोहोल बनवणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण कधी ना कधी येते. १८५६ मध्ये उत्तर फ्रान्समधील एका कारखानदाराने हीच तक्रार लुई पाश्चर यांच्याकडे नेली. तिचा शोध घेताना पाश्चर यांच्या आयुष्याची दिशा बदलली आणि पुढे वैद्यकशास्त्राचीही.

कारखानदाराची अडचण काय होती?

१८५० च्या दशकात फ्रान्समधील द्राक्षवेलींवर भुरी रोग पडला. वाइन कमी पडू लागली आणि बिटापासून अल्कोहोल काढण्याचा धंदा उत्तरेत जोरात वाढला. लील शहरातील बिगो हे अशाच एका कारखान्याचे मालक. त्यांच्या काही टाक्या नीट चालत, तर काही मध्येच बिघडत. रसाला आंबट वास येई आणि अल्कोहोलचा उतारा घटे. रस तोच, कामगार तेच. मग बिघाड काही टाक्यांतच का, हे कोणालाच सांगता येत नव्हते. बिगो यांचा मुलगा पाश्चर यांचा विद्यार्थी होता. त्याच्यामार्फत हा प्रश्न प्राध्यापकांपर्यंत पोहोचला.

पाश्चर तेव्हा कोण होते?

पाश्चर डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल येथे झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. पाश्चर यांचे बालपण आर्ब्वा या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात गेले. पॅरिसमध्ये असताना, १८४८ मध्ये, त्यांनी वाइनच्या पिंपात साचणाऱ्या क्षारांशी संबंधित स्फटिकांचा अभ्यास करून नाव मिळवले. १८५४ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते लीलच्या विज्ञान शाखेचे अधिष्ठाता झाले. स्थानिक उद्योगांना विज्ञानाचा उपयोग व्हावा, अशी या नव्या शाखेकडून अपेक्षा होती.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले?

पाश्चर कारखान्यात जाऊ लागले. चांगल्या आणि बिघडलेल्या अशा दोन्ही टाक्यांतील नमुने त्यांनी शेजारी ठेवून तपासले. किण्वन नीट चालू असताना यीस्टचे गोलसर कण दिसत. बिघाड सुरू होताना त्यांचे रूप बदलून लांबट कण दिसू लागत आणि रस पुरता आंबला की लांबट कणांचीच गर्दी होई. सगळे संपल्यावर कारण शोधत बसण्यापेक्षा टाकी बिघडू लागली आहे हे वेळीच ओळखण्याची सोय कारखान्याला मिळाली. पाश्चर यांना मात्र त्याहून मोठा प्रश्न पडला होता. हे दुसरे कण बिघाडाचा परिणाम आहेत की कारण?

तेव्हाचे विज्ञान काय सांगत होते?

यीस्ट सजीव आहे, असे १८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान आणि क्युट्झिंग यांनी स्वतंत्रपणे मांडले होते. पण जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचा दबदबा मोठा होता. कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थातील हालचाल साखरेला लागते आणि साखर मोडते, असे त्यांचे मत. त्यांच्या मते यीस्ट जिवंत असण्याशी या क्रियेचा संबंध नव्हता. हे मान्य केले, तर बिघडलेल्या टाकीत शत्रू शोधण्याला अर्थच उरत नव्हता.

पाश्चर यांनी पुरावा कसा दिला?

आपल्याकडे दुधाला विरजण लावतात, तसाच हा प्रयोग होता. आंबलेल्या द्रवात साचणाऱ्या करड्या पदार्थाचा अगदी थोडा अंश पाश्चर यांनी साखर, यीस्टचा अर्क आणि खडू असलेल्या स्वच्छ द्रवात घातला. तिथे तोच पदार्थ वाढला आणि लॅक्टिक आम्ल तयार झाले. त्यातले कण यीस्टपेक्षा बरेच लहान होते. ऑगस्ट १८५७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष लीलमध्ये मांडले. म्हणजे प्रत्येक किण्वनामागे वेगळा जीव असतो. बिगो यांच्या टाकीत नको असलेला जीव शिरला होता आणि तो यीस्टच्या वाट्याची साखर खात होता.

१८६० मध्ये पुढचे पाऊल पडले. साखर, अमोनियाचा क्षार आणि यीस्टची राख एवढ्यावरच यीस्ट वाढते, हे त्यांनी दाखवले. कुजणाऱ्या पदार्थाची गरजच नव्हती. त्याचबरोबर नुसती साखर पुरत नाही, यीस्टला नायट्रोजन आणि खनिजेही लागतात, हे स्पष्ट झाले.

हवेचा काय संबंध?

ब्युटिरिक आम्ल तयार करणारे सूक्ष्मजीव पाहताना पाश्चर यांच्या लक्षात आले, की काचेखालील थेंबाच्या कडेला, जिथे हवा लागते, तिथले जीव निपचित पडतात. मधले मात्र हालत राहतात. हवेशिवाय जीवन शक्य आहे, हे त्यांनी १८६१ मध्ये जाहीर केले. यीस्ट दोन्हीकडे जगते. हवा मिळाली की ते जोमाने वाढते, पण साखरेच्या मानाने अल्कोहोल कमी देते. हवा तुटली की वाढ मंदावते आणि साखरेचे अल्कोहोल होते.

वाइन, बिअर आणि मग रोग

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सूचनेवरून पाश्चर वाइनच्या बिघाडाकडे वळले. वाइन ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, तर ती बिघडवणारे जंतू मरतात, असे त्यांना आढळले. पाश्चरीकरण हे नाव त्यावरूनच पडले. १८६८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि शरीराची डावी बाजू अधू झाली. तरीही १८७१ मध्ये ते लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात यीस्ट तपासत होते. तिथे तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्हता. आठवडाभरात ते पुन्हा गेले, तोवर व्यवस्थापनाने तो विकत आणला होता.

द्रव बिघडवायला जंतू पुरेसे असतील, तर माणसाचे शरीर का नाही? पाश्चर यांच्यासाठी हा प्रश्न घरचाही होता. त्यांच्या पाच अपत्यांपैकी तीन मुली लहानपणीच गेल्या. त्यांतील दोघींचा बळी विषमज्वराने घेतला. किण्वनाच्या अभ्यासातून प्रेरणा घेऊन ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी जखमा जंतुमुक्त ठेवण्याची पद्धत आणली. स्वतः पाश्चर लसींकडे वळले. ६ जुलै १८८५ रोजी त्यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस देण्यास सुरुवात केली. १८८८ मध्ये पॅरिसची पाश्चर संस्था उभी राहिली. याच संस्थेत काम केलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पाश्चर यांचे २८ सप्टेंबर १८९५ रोजी निधन झाले.

त्यांचे कुठे चुकले?

बिअरच्या बिघाडाचा दोष पाश्चर यांनी मुख्यतः जिवाणूंना दिला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल हान्सेन यांनी रानटी यीस्टही बिअर बिघडवते हे दाखवले आणि १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी पेशी चिरडून काढलेल्या रसानेही किण्वन घडवले. म्हणजे काम पेशीतील विकरे करतात. जिवंत पेशीशिवाय किण्वन नाही, हे पाश्चर यांचे मत तेवढ्यापुरते मागे पडले.

आज अडलेले किण्वन कसे तपासतात?

क्रम बराचसा पाश्चर यांच्याच शोधांतून आलेला आहे.

• घनतामापीचे वाचन दोन-तीन दिवस तेच आहे का? बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन थांबलेच, असे नाही.

• तापमान फार उतरले किंवा चढले का? थंडीत यीस्ट सुस्तावते, अति उष्णतेत मरते.

• नायट्रोजन आणि खनिजे पुरेशी आहेत का?

• सुरुवातीला यीस्टला वाढीपुरता ऑक्सिजन मिळाला का? नंतर हवा घातली, तर उलट नुकसान होते.

• साखर अति आहे का, की तयार झालेले अल्कोहोलच यीस्टला सोसवेनासे झाले?

• आम्लता अचानक वाढली का? तसे असेल तर जिवाणूंचा शिरकाव झाल्याचा संशय घ्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली मिथिलीन ब्लू रंगात मेलेले यीस्ट निळे दिसते.

ही कारणे न तपासताच आणखी यीस्ट ओतले, तर तेही त्याच अडचणीत सापडते. म्हणून मळीवर चालणारी डिस्टिलरी असो की द्राक्षांची वायनरी, टाकी अडली की आधी नमुना घेतला जातो आणि तो चांगल्या टाकीच्या नमुन्याशी ताडून पाहिला जातो.