हेलनचे पहिले पत्र

१७ जून १८८७. अमेरिकेतील अलाबामा राज्यात एका मुलीने नात्यातल्या बहिणीला पत्र लिहिले. तिला सातवे वर्ष पूर्ण व्हायला दहा दिवस होते. तिला दिसत नव्हते, ऐकूही येत नव्हते. साडेतीन महिन्यांपूर्वी तिला एकही शब्द लिहिता येत नव्हता.

ही हेलन केलर. जन्म २७ जून १८८०. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या आजारपणात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. तो मेंदूच्या आवरणाचा दाह असावा, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

३ मार्च १८८७ रोजी ॲन सलिव्हन शिकवायला आल्या. खुपऱ्यांमुळे त्यांचीही नजर अधू होती. महिनाभराने त्यांनी हेलनचा एक हात पंपाच्या पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर बोटांनी ‘पाणी’ हा शब्द लिहिला. वस्तूला नाव असते, हे हेलनला तेव्हा उमगले. मग आई तान्ह्या बाळाशी बोलते तशी ॲन तळहातावर पूर्ण वाक्येच बोलू लागल्या. लिहिण्यासाठी कागदाखाली खाचांची पाटी असे. खाच चाचपत हेलन पेन्सिलीने चौकोनी अक्षरे काढी.

पहिल्या पत्रात विरामचिन्हे नव्हती, आभारही नव्हते. पण कोण सफरचंद देणार, डॉक्टर धाकट्या बहिणीला औषध देणार, आई तिला नवा झगा शिवणार, असे देण्याघेण्याचे विषय होते. कोणी कोणाला काय दिले, हे आधी कळावे लागते. आभार त्यानंतरचे.

१८९१ मध्ये हेलनची लाडकी कुत्री मारली गेली. नवी घेण्यासाठी लोक पैसे देऊ लागले. ते पैसे टॉमी स्ट्रिंगर या अंध-बधिर मुलाच्या शिक्षणाला द्यावेत, असे तिने पत्रांतून कळवले आणि देणगीदारांचे आभारही मानले. पुढे १९०४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९५५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या भारतात आल्या. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले.

रत्नागिरीत सविता कामत विद्यामंदिरासारख्या विशेष शाळा आहेत. अशा मुलांच्या पालक-शिक्षकांसाठी ॲन यांची पद्धत आजही कामाची आहे. फळ्यावरचे आभारपत्र उतरवून घेतल्याने अक्षर सुधारेल, अर्थ पोहोचेलच असे नाही. आधी भेटवस्तू मुलाच्या हातात द्यावी, ती कोणी दिली ते सांगावे, त्या व्यक्तीचा फोटो दाखवावा. मग एक शब्द, एखादे चित्र किंवा रंगीत बोटाचा ठसा, जे जमेल ते त्याने स्वतः कागदावर उमटवावे. तेही पत्रच.